पहिला ट्रॅक्टर : शेजारी बघून नको, शेत बघून घ्या



गावात कुणाच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिला, नारळ फुटला, हार पडला, की त्या रात्री शेजारच्या घरात एकच विषय निघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आपणही घेऊन टाकू." आई म्हणते, "कर्ज कोण फेडीन?" आणि बाबा कोठ्यातल्या बैलजोडीकडे बघत गप्प बसतात. तिघांचेही खरे असते. गडी मिळत नाही, बैलजोडीचा खर्च वाढला, वापसा कुणासाठी थांबत नाही. आणि कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढला म्हणजे तो उतरवायला वर्षे लागतात.

या पत्रकात आम्ही अमुक कंपनीचा घ्या असे सांगणार नाही. आपला निर्णय आपल्याला कागद-पेन्सिल घेऊन कसा करता येईल, तेवढे सांगणार आहोत. हा विचार पाच-सात एकरवाल्या कास्तकारासाठी आहे. त्याच्याकडे थोडा संत्रा आहे, थोडी पऱ्हाटी आहे, सोयाबीन-तूर आहे, पाणी असले तर हरभरा-गहू आहे. नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडे अशीच शेती जास्त आहे.

आधी तास मोजा

ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा, हा पहिला प्रश्न नाही. माझ्या शेतात वर्षाचे किती तास काम आहे, हा पहिला प्रश्न आहे.

समजा, एका कास्तकाराकडे सहा एकर आहे. अडीच एकर संत्र्याचा बगीचा, साडेतीन एकर मोकळे रान. लहान ट्रॅक्टरला चार फुटी मोगडा लावला तर एकराला सुमारे तास-सव्वा तास लागतो. सव्वातीन फुटी रोटाव्हेटर असला तर पावणेदोन ते दोन तास लागतात. आता बेरीज करू :

साडेतीन एकरात खरिपाची तयारी व पेरणी — १८ तास
डवरणी, तीन वेळा — १० तास
दोन एकर हरभऱ्याची मशागत व पेरणी — ८ तास
बगीच्यातील मशागत, चार वेळा — १२ तास
बगीच्यातील फवारणी, आठ वेळा — २० तास
शेणखत, माल, काडी-कचरा यांची वाहतूक — ३० तास

बेरीज झाली ९८. म्हणजे शंभर तास धरा. वर्षाचे शंभर तास! ट्रॅक्टरचा हिशेब करताना त्याचे आयुष्य साधारण दहा हजार तास धरतात. या चालीने तो शंभर वर्षे पुरेल, पण कर्जाचा हप्ता काही शंभर वर्षे थांबणार नाही.

तासाला किती पडतो?

आता दुसरा हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, आपल्या गावचे भाव घालून आपण करून पाहावा. समजा ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून ६ लाख रुपये लागले. दहा वर्षांनी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ६० हजार आले. तर दर वर्षी घसारा ५४ हजार. गुंतलेल्या सरासरी रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज ३३ हजार. विमा, छप्पर, किरकोळ मिळून १२ हजार. एकूण ९९ हजार. ट्रॅक्टर छपरात उभा असला तरी हा खर्च चालूच असतो.

चालवण्याचा खर्च वेगळा. तासाला सव्वादोन लिटर डिझेल, वर ऑइल, दुरुस्ती, चालकाची मजुरी, असे मिळून ३०० रुपये धरू. मग काय निघते बघा :

वर्षाला १०० तास चालला, तर तास पडतो सुमारे १,२९० रुपयांना.
२५० तास चालला, तर सुमारे ७०० रुपयांना.
५०० तास चालला, तर सुमारे ५०० रुपयांना.

गावात लहान ट्रॅक्टरचे भाडे तासाला ७०० रुपये असेल, तर २५० तासांच्या खाली स्वतःचा ट्रॅक्टर महाग आणि भाड्याचा स्वस्त. आपल्या कास्तकाराचे घरचे काम १०० तास आहे. उरलेले १५० तास शेजाऱ्यांच्या शेतात मिळतात का, हे त्याने ट्रॅक्टर घेण्याआधी विचारून पाहावे. "मिळतील" असे मनात धरू नये. कोणाचा बगीचा, किती एकर, वर्षातून किती फवारण्या, सध्या कोण करतो, हे वहीत लिहून काढावे. दहा घरी विचारले आणि दीडशे तास जमले नाहीत, तर निर्णय तिथेच झाला समजा.

आता तुम्ही म्हणाल, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येतो कुठे? बरोबर आहे. मृगाचा पाऊस पडला, काळ्या रानात वापसा आला, की साऱ्या गावाला ट्रॅक्टर एकाच दिवशी पाहिजे असतो. आठ दिवस पेरणी मागे पडली तर तिचे नुकसान भाड्याच्या फरकाहून मोठे होऊ शकते. म्हणून मागच्या तीन वर्षांत भाड्याच्या ट्रॅक्टरपायी किती वेळा उशीर झाला आणि त्यात काय गेले, तेही वहीत मांडा. कधी कधी पारडे त्या एका आकड्याने फिरते.

याशिवाय मधला मार्ग आहे. दोन-तीन भाऊबंद किंवा एका धुऱ्याचे शेजारी मिळून एक ट्रॅक्टर घेतात. यात भांडण होते ते पहिल्या पेरणीला. म्हणून आधीच कागद करा : पेरणीचा क्रम चिठ्ठ्या टाकून, डिझेल ज्याचे काम त्याचे, मोडतोड तासांच्या प्रमाणात, आणि चालवणारा हात एकच. गावात अवजार बँक असली तर तीही विचारात घ्या.

ताकद किती हवी?

हिशेब जमला, घ्यायचे ठरले, तर मग अश्वशक्ती.

आपली काळी जमीन ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी. उन्हाळ्यात खोल नांगरटी करायची तर ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टरला ते काम सांगू नये. पण खोल नांगरटी दोन-तीन वर्षांतून एकदाच करायची असते. त्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर घेणे म्हणजे लग्नाच्या पंगतीपुरता रोजचा स्वयंपाक करण्यासारखे आहे. नांगरटी भाड्याने करून घ्या. ती एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा वापशाची घाई नसते आणि ट्रॅक्टर मिळतो.

उरलेल्या कामांना काय पुरते? हलकी जमीन, बगीचा, फवारणी, डवरणी एवढेच असेल तर १५ ते १८ अश्वशक्ती चालते. मध्यम ते भारी काळी जमीन, चार फुटी रोटाव्हेटर आणि बगीच्यातील मोठा ब्लोअर चालवायचा असेल, तर २२ ते २८ अश्वशक्ती बघा. भारी जमिनीत लहान ट्रॅक्टर बहुधा ताकदीने कमी पडत नाही, वजनाने कमी पडतो : चाक जागच्या जागी फिरते. म्हणून चारही चाकांना ओढ असलेला प्रकार आपल्या रानाला बरा. त्याची किंमत जास्त असते आणि पुढच्या धुरीची देखभालही वाढते, हे धरून चाला.

पत्रकावर छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. रोटाव्हेटर आणि ब्लोअर चालतो तो मागच्या पी.टी.ओ. शाफ्टवर, आणि तिथे पोचणारी ताकद त्याहून कमी असते. म्हणून विक्रेत्याला विचारा, "पी.टी.ओ.वर किती?" मध्य प्रदेशात बुदनी येथे, इटारसी-भोपाळ रेल्वेमार्गावर, केंद्र सरकारची शेतीयंत्रे तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. तिथल्या चाचणी अहवालात पी.टी.ओ.ची ताकद, डिझेलचा खप, ओढण्याची क्षमता आणि ब्रेकची तपासणी दिलेली असते. त्या मॉडेलचा अहवाल मागा. दोन ट्रॅक्टरांत निवड करायची असेल तर जाहिरातीपेक्षा हे आकडे समोरासमोर ठेवा.

रुंदी आणि उंची मोजून घ्या

संत्र्याची झाडे साधारण ६ मीटर म्हणजे वीस फुटांवर लावतात. पण झाड मोठे झाले, घेर वाढला, की दोन ओळींत मोकळी वाट पाच-सहा फूटच उरते. साडेपाच-सहा फूट रुंदीचा ट्रॅक्टर तिथे फांद्या मोडत जाईल. आपल्या बगीच्यातील सर्वांत अरुंद वाट टेपने मोजा. फळांनी लवलेल्या फांद्यांची जमिनीपासून उंची मोजा. सायलेन्सर वर उभा आहे की खाली वळवलेला, तेही बघा. तापलेल्या नळकांड्याने फळे करपतात.

आणखी एक. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतांश वरच्या फूटभर मातीत असतात. बगीच्यात खोल मशागत केली तर त्या तुटतात, आणि तुटक्या मुळीतून रोग शिरतो. म्हणून तिथे ताकद नको, हलका हात हवा. ओल्या रानात तर ट्रॅक्टर घालूच नये. चाकाखाली दबलेली काळी माती वर्षभर तशीच राहते.

पिकाच्या ओळींचेही माप आहे. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील, तर चाकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर ठेवावे. मग दोन्ही चाके ओळींच्या मधून जातात. टायर मात्र अरुंद पाहिजे. ९० सेंटिमीटरच्या कपाशीत याच मापाने ट्रॅक्टर एका ओळीवरून जातो. पऱ्हाटी त्याच्या पोटाला लागेपर्यंतच हे चालते, पुढे बैलांचा डवराच बरा. म्हणून चाकांचे अंतर कमी-जास्त करता येते का, आणि पोटाखाली मोकळी जागा किती, हे दोन आकडे विचारा.

अवजारे मागाहून नव्हे

पुष्कळ जण सारे पैसे ट्रॅक्टरात घालतात आणि अवजारे पुढच्या साली म्हणतात. मग ट्रॅक्टर बाजाराला जायच्या कामी येतो. पहिल्याच दिवशी मोगडा, पेरणी यंत्र आणि बगीचा असेल तर फवारणीचा ब्लोअर, एवढे तरी हवे. रोटाव्हेटर शेजाऱ्याचा मिळत असेल तर थांबता येते. रोटाव्हेटर माती छान भुसभुशीत करतो, पण दर हंगामात तोच चालवला तर खाली कडक थर धरतो आणि पाणी मुरत नाही. आळीपाळीने मोगडा चालवावा.

शेतावर चालवून पाहा

दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर सगळेच ट्रॅक्टर चांगले चालतात. विक्रेत्याला सांगा, "माझ्या रानात, वापशाला, मोगडा लावून दाखवा." आणि या दोन चाचण्या करा.

पहिली, चाक घसरण्याची. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचलून ट्रॅक्टर चालवा आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर गेले ते मोजा. मग अवजार जमिनीत घालून त्याच जागी पुन्हा दहा फेऱ्या मोजा. समजा आधी ३० मीटर गेला आणि नंतर साडेपंचवीस मीटर, तर साडेचार मीटर घसरला, म्हणजे १५ टक्के. इतके ठीक. २० टक्क्यांच्या वर घसरत असेल तर त्या अवजाराला तो ट्रॅक्टर हलका आहे. लोखंडी वजने लावून किंवा टायरमध्ये पाणी भरून पाहा. तरीही घसरला तर दुसरा बघा.

दुसरी, डिझेलची. टाकी काठोकाठ भरा, मोजलेला एक एकर वाहा, पुन्हा मापाने काठोकाठ भरा. जेवढे लागले तेवढा एकराचा खप. हा आकडा कुणाच्या सांगण्यावर घेऊ नये.

मेकॅनिक किती लांब?

नागपुरात हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टर तयार होतात. पण कारखाना जवळ म्हणजे मेकॅनिक जवळ, असे होत नाही. आपल्या तालुक्याच्या गावी त्या मॉडेलचा क्लचप्लेट, फिल्टर, पंप ठेवणारे दुकान आहे का? पेरणीच्या दिवसात मेकॅनिक किती वेळात येतो? हे विक्रेत्याला विचारू नका. ज्यांच्याकडे तोच ट्रॅक्टर तीन वर्षे आहे, अशा दोघा कास्तकारांना विचारा.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर थंड इंजिन सकाळी आपल्यासमोर सुरू करायला लावा. धूर सतत निळसर येत असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन व चॅसिस नंबर नोंदणीपुस्तकाशी जुळवा. त्यावर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरल्याशिवाय रुपया देऊ नका.

पैशाची बाजू

समजा साडेचार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढले, व्याज १० टक्के. घटत्या शिलकीवर सहामाही हप्ता सुमारे ५८ हजार येतो आणि पाच वर्षांत व्याज सव्वा लाखाच्या थोडे वर जाते. तेच १० टक्के मूळ रकमेवर सरसकट लावले तर व्याज सव्वादोन लाख होते. दोन्हीकडे दर "दहा टक्के"च सांगतात, फरक नव्वद हजारांचा पडतो. सही करण्याआधी एवढेच विचारा : "पाच वर्षांत माझ्या खिशातून एकूण किती रुपये जातील?" आकडा कागदावर लिहून घ्या.

हप्ता माल विकण्याच्या दिवसांत येईल असा बांधून घ्या. आणि पाच वर्षांत एक साल नापिकीचे धराच. त्या सालात हप्ता कशातून भराल? याचे उत्तर "बघू" असे येत असेल, तर ट्रॅक्टर लहान घ्या, जुना घ्या, भागीत घ्या, किंवा एक साल थांबा. शेत राखण्यासाठी ट्रॅक्टर घ्यायचा असतो. ट्रॅक्टर राखण्यासाठी शेत विकण्याची पाळी येऊ नये.

अनुदानासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खरेदी करू नका. अनुदान मिळेलच असे धरून हप्त्याचे गणित मांडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा दरपत्रकात कर किती लावला तेही वाचून बघा.

जीव आधी, काम मागून

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वरच्या कडीला साखळी बांधून ओढले तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. रस्त्यावर ब्रेकचे दोन्ही पायटे खिट्टीने जोडून घ्या. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर फिरतो. पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर, दुपट्टा, शेला अडकला तर हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे झाकण काढू नका. आणि लेकरू कितीही रडले तरी त्याला मडगार्डवर बसवू नका.

ध्यानात ठेवा

१. आधी घरच्या कामाचे तास, मग बाहेरचे तास, मग ट्रॅक्टर.
२. खोल नांगरटी भाड्याने, बाकी कामापुरती ताकद घरची.
३. बगीच्याची अरुंद वाट आणि पिकाच्या ओळी टेपने मोजा.
४. चाचणी आपल्या रानात, वापशाला.
५. मेकॅनिकची चौकशी वापरणाऱ्याकडे.
६. हप्ता नापिकीच्या सालाने तपासा.

आणि शेवटची गोष्ट. ट्रॅक्टर आला म्हणून बैलजोडी दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊ नका. एक खरीप, एक रब्बी जाऊ द्या. पाऊस लागून राहिला, रान ओले आहे, पऱ्हाटीत तण उभे आहे, अशा दिवसांत ट्रॅक्टर धुऱ्यावर थांबतो आणि बैल रानात उतरतात. तसे दिवस आपल्या शेतात किती येतात, ते एक साल बघा. मग पुढच्या पोळ्याला ठरवा.

आपल्या वहीतला हिशेब घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे जा आणि त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. रामराम.